नेपल्सच्या धक्क्यापासून कासिनोपर्यंत

भूमध्य समुद्रातल्या क्रूझवर नेपल्सचा दिवस मी डोळे मिटून पार पाडू शकते. जहाज सकाळी सातला मोलो आंजोइनो धक्क्याला लागतं. मंडळींना नाश्ता उरकून खाली उतरवायचं, मग पॉम्पेई, सोरेंतो किंवा काप्री यांतलं एक काहीतरी बघायचं आणि संध्याकाळी पाचच्या आत परत यायचं. सतरा वर्षं मी टूर मॅनेजर म्हणून काम करते आहे. त्यातला एक नेपल्सचा दिवस मात्र माझ्या कुठल्याच आखणीत बसला नाही, तो इथं लिहून ठेवते.

महाडकडच्या एका कुटुंबानं फक्त त्यांच्यापुरती सहल मागितली होती. सात माणसं, तीन पिढ्या. सर्वांत मोठ्या आजी, वय 81. पहिल्याच भेटीत आजींचे चिरंजीव म्हणाले, "ताई, नेपल्सला आम्हाला पॉम्पेई नको. कासिनो गावाला न्या."

आजींचे वडील पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत नाईक होते. ते बोटीनं गेले तेव्हा आजी आईच्या पोटात होत्या. दुसऱ्या महायुद्धात, 1944 मध्ये, इटलीत ते पडले. देह सापडला नाही, गावाला तार आली. नातवानं कॉमनवेल्थ युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधून काढलं होतं, की ज्यांची समाधी नाही अशांची नावं कासिनोच्या स्मारकावर कोरलेली आहेत, आणि त्यांत पणजोबांचंही नाव आहे.

मी त्यांना त्यापासून वळवायचा प्रयत्न केला, हे कबूल करते. नेपल्सपासून कासिनो जवळजवळ शंभर किलोमीटर. जहाजाच्या स्वतःच्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. आपण स्वतः गाडी ठरवून गेलो तर ते थांबत नाही. पासपोर्ट जहाजावरच असतात. वेळेत पोचलो नाही तर जहाजावरची माणसं ते बंदरातल्या एजंटाकडे देऊन निघून जातात, आणि आपण पुढचं बंदर आपल्या खर्चानं गाठायचं. हे सगळं मी नीट समजावून सांगितलं आणि शेवटी म्हटलं, "आजी, तिथं फक्त एक नाव आहे हो, बाकी काही नाही."

आजी म्हणाल्या, "माणगावात पुतळा आहे, त्या लढाईत पडलेल्या यशवंत घाडग्यांचा. आमची एस्टी त्याच वाटेनं जायची. दर वेळी माझी आई हात जोडायची. पुतळ्याला नाही, त्यांच्याबरोबर गेलेल्या आमच्या माणसाला. त्याचं नाव कुठं लिहिलेलं आम्ही पाहिलं नव्हतं. आता आहे म्हणतेस, तर तेवढंच बघायचंय."

मग मी गाडी ठरवली.

इटलीत चालकासह भाड्यानं मिळणाऱ्या अशा गाड्यांचा परवाना वेगळा असतो. चालक धरून नऊ जणांची व्हॅन, म्हणजे ते सात, मी आणि तो. चालक कासेर्ता भागातला, पन्नाशीचा. आदल्या संध्याकाळी त्याचा निरोप आला, त्यात तीनच प्रश्न होते: आजींना किती पायऱ्या चढता येतात, दर किती वेळानं थांबावं लागेल, आणि नाव कुठल्या फलकावर आहे. तिसरा प्रश्न वाचून मी जरा सावरून बसले. मग कळलं की त्यानं ब्रिटिश, पोलिश, न्यूझीलंडची कितीतरी कुटुंबं तिथं नेली होती. भारतीय कुटुंब त्याच्याकडे पहिल्यांदाच येत होतं.

सकाळी आठला निघालो. व्हॅनचा दरवाजा उंच, म्हणून त्यानं आधी खाली उतरून एक लाकडी पायरी मांडली, वर रबर ठोकलेली. आजींचा हात धरून त्यांना चढवलं आणि पायरी मागं ठेवून दिली.

शहर सुटलं की कांपानियाची सपाट, काळ्या मातीची जमीन लागते. प्लास्टिकची हरितगृहं, पीचच्या बागा, मधूनच म्हशींचे गोठे. म्हशी बघून गाडीत एकदम जीव आला. मोझरेल्ला इथलाच, म्हशीच्या दुधाचा. परत येताना घ्यायचा असं पोरांनी ठरवूनही टाकलं. इथल्या अस्सल मोझरेल्लाला वासराच्या पोटातल्या रेनेटचं विरजण लागतं, म्हणून माळकरी आजींना तो चालणार नव्हता. हे मी आधीच सांगितलं. शाकाहारी मंडळींना ही गोष्ट चीज तोंडात गेल्यावर कळू नये, असं मला फार वाटतं.

कायानेल्लो मागं पडल्यावर डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागले. नेपल्सहून रोमकडे जायची वाट याच खिंडीतून जाते, आणि 1943-44 च्या हिवाळ्यात जर्मन फौजेनं ती इथंच अडवून धरली होती. वर मोंते कासिनोचा मठ दिसायला लागला. संत बेनेडिक्टनं सहाव्या शतकात स्थापलेला हा मठ 15 फेब्रुवारी 1944 ला दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी उद्ध्वस्त केला. आज दिसतो तो पुन्हा बांधलेला. खालच्या उतारावर चौथी भारतीय डिव्हिजन लढली. मे महिन्यात आठव्या भारतीय डिव्हिजननं गारी नदी ओलांडली, तेव्हा कमल राम या एकोणीस वर्षांच्या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस, ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. चालकानं गाडीचा वेग कमी करून नदी दाखवली. नातू म्हणाला, "एवढीशी?" खरंच एवढीशी आहे. आपल्याकडे तिला ओढाच म्हणतील.

युद्धसमाधींच्या आवारात पोचलो तेव्हा दहाला दहा मिनिटं कमी होती. मी पाऊण तास धरला होता. त्यानंतर मठ, जेवण आणि परत, असं गणित होतं.

चार हजारांवर समाध्या, सगळ्या एकाच मापाच्या पांढऱ्या शिळा, आणि मधे कापलेलं हिरवं गवत. आजी काठी टेकत पहिल्याच भारतीय समाध्यांपाशी थांबल्या. शिळेवर वरच्या बाजूला देवनागरीत कोरलेलं होतं: ॐ भगवते नमः. त्यांनी ते मोठ्यानं वाचलं. मग पुढच्या शिळेवरचं, मग त्याच्या पुढच्या. इटलीत आल्यापासून पाच दिवसांत आजींना स्वतःला वाचता आलेली ती पहिली पाटी होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. पाच दिवस आम्ही सगळे त्यांना वाचून दाखवत होतो. इथं त्या आम्हाला वाचून दाखवत होत्या. प्रत्येक शिळेपाशी तेच तीन शब्द, आणि प्रत्येक वेळी त्या थांबून पूर्ण म्हणत होत्या. एकही शिळा त्यांनी सोडली नाही. साडेदहा तिथंच वाजले.

मी घड्याळाकडे बघितलं आणि मग चालकाकडे. तो हलक्या आवाजात म्हणाला, "मठ सोडून द्या. त्यांना इथं राहू द्या." मी मठ सोडून दिला.

ज्यांची समाधी नाही त्यांचं स्मारक आवाराच्या मधोमध आहे. लांबट पाण्याचा हौद, आणि त्याच्या कडेनं हिरवट संगमरवराचे उंच फलक. पूर्ण इटलीच्या मोहिमेत बेपत्ता झालेल्या चार हजारांहून अधिक जणांची नावं त्यांच्यावर आहेत, फक्त कासिनोत पडलेल्यांची नाहीत. पलटणीप्रमाणे, पलटणीत हुद्द्याप्रमाणे. मराठ्यांचा फलक नातवाला सापडला. नाइकांच्या यादीत आधी यशवंत घाडगे दिसले. 10 जुलै 1944 ला वरच्या टायबर खोऱ्यात तुकडीतली सगळी माणसं पडल्यावर एकट्यानं मशीनगनवर चालून गेलेले, वय बावीस. त्यांचाही देह सापडला नाही. ज्यांचा पुतळा आहे त्यांचं आणि ज्यांचा नाही त्यांचं, दोघांचं नाव एकाच फलकावर, एकाच मापाच्या अक्षरात.

आजींच्या वडिलांचं नाव थोडं वेगळ्या स्पेलिंगचं होतं. कुणा कारकुनानं ऐकून लिहिलं असणार. कुटुंबाची इच्छा म्हणून ते इथं देत नाही. आजींनी विचारलं, "हेच का? नीट वाच पोरी." मी वाचलं. "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. त्यांनी हात वर केला, पण नाव उंचावर होतं, बोटं वीतभर खाली राहिली. चिरंजीव म्हणाले, "आई, फोटो काढू, मोठा करून लावू." आजी काही बोलल्या नाहीत, हातही खाली घेतला नाही.

चालक केव्हा गेला ते मला कळलं नाही. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात ती गाडीतली लाकडी पायरी होती. त्यानं ती फलकाखाली मांडली, पायानं दाबून हलत नाही ना ते बघितलं, आणि एका बाजूनं आजींचा दंड धरला. दुसऱ्या बाजूनं लेक. आजी चढल्या. आधी त्यांनी पदरानं ते नाव पुसलं, मग एकेका अक्षरावरून बोट फिरवलं. पहिल्या अक्षरापाशी विचारलं, "हे कोणतं?" मी खालून एकेक अक्षर सांगत गेले. लांब कुठंतरी गवत कापायचं यंत्र चाललं होतं, त्यामुळे मला मोठ्यानं बोलावं लागत होतं.

खाली उतरल्यावर त्यांनी पिशवीतून काळे तीळ काढले. गावची माती आणायचा त्यांचा विचार होता. युरोपात बाहेरची माती आणायला बंदी आहे, म्हणून पुण्यातच मी नको म्हटलं होतं. तीळ मात्र आणले होते. आजींना भाऊ नव्हता. ऐंशी वर्षांत वडिलांना कुणी पाणी दिलं नव्हतं. चालकानं नळावरून बाटली भरून आणली आणि आजींनी फलकाजवळच्या गवतावर ओंजळीनं तीन वेळा पाणी सोडलं. मंत्र त्यांना येत नव्हता. "बाबा, मी आले," एवढंच त्या तीनही वेळा म्हणाल्या.

बारा वाजून गेले होते.

वाटेत सान पिएत्रो इन्फिनेला थांबलो, चालकाच्या आग्रहावरून. 1943 च्या डिसेंबरात हे गाव तोफांखाली पडलं. लोक गुहांमध्ये राहिले. पुढं गाव खाली नव्यानं वसलं आणि जुनं तसंच ठेवलं. छत नसलेलं चर्च, कोनाडे उघडे पडलेल्या भिंती. आजी गाडीतच बसून राहिल्या. खिडकीतून त्यांनी बराच वेळ ती घरं बघितली आणि एकच विचारलं, "ह्यांच्यातल्या बायकांना तरी तार आली असंल का?" मी चालकाला विचारलं. तो म्हणाला, तार कोण कुणाला पाठवणार, सगळे इथंच होते.

परतीला दुपारी दोनच्या सुमारास काप्वाच्या अलीकडे महामार्ग ठप्प झाला. पुढं अपघात होता. वीस मिनिटं, चाळीस मिनिटं, तास. जहाजावर परतायची शेवटची वेळ पाच. मी मनात रात्रीच्या गाड्या जुळवायला लागले, रोममार्गे चिविताव्हेक्किया, दुसऱ्या दिवशीचं बंदर तेच होतं. आजींची रक्तदाबाची औषधं केबिनमध्ये होती. सकाळी ती बरोबर घ्यायला मी सांगितलं नव्हतं. ही चूक माझी, आणि तेव्हापासून दर सकाळी धक्क्यावर उतरण्याआधी मी प्रत्येकाची औषधं डोळ्यांनी बघते.

गाड्या इंच इंच सरकायला लागल्या तसा चालकानं काप्वाचा फाटा पकडून महामार्ग सोडला आणि जुन्या आप्पिया रस्त्याला लागला. रोमन लोकांनी इसवीसनपूर्व 312 मध्ये बांधायला घेतलेला हा रस्ता आता गावागावांतून, दुकानं आणि सिग्नल घेत जातो. तो ना जोरात चालवत होता ना बोलत होता. एकदा मात्र एका डेअरीपुढून जाताना पोरांकडे आरशात बघून त्यानं नकारार्थी मान हलवली. मोझरेल्ला राहिला.

चार वाजून चाळीस मिनिटांनी आम्ही धक्क्यावर होतो. त्यानं पायरी मांडली, आजींना उतरवलं. ठरल्यापेक्षा जादा झालेल्या वेळेचे पैसे त्यानं हिशोबानं घेतले आणि मी आनंदानं दिले, कारण ती त्याच्या कामाची किंमत होती. आजींनी त्याच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. त्याला ते काय ते कळलं नसावं, पण तो वाकून उभा राहिला.

रात्री जेवणानंतर आजींनी मला त्यांच्या केबिनमध्ये बोलावलं. नातवानं काढलेला पूर्ण फलकाचा फोटो टॅबलेटवर उघडून ठेवला होता. "त्यांच्या वरचं नाव कुणाचं गं? आणि खालचं?" मी वाचायला लागले. इंग्रजी स्पेलिंगमधून मोरे, कदम, पवार, शिंदे असे एकेक बाहेर येत गेले. काही आडनावं कारकुनानं पार मोडून टाकली होती. ती मी तीन-चार तऱ्हांनी म्हणून बघायची, आणि आजी ऐकून ठरवायच्या, हे जाधव, हे आमच्या पलीकडच्या वाडीतले असतील, हे घाटावरचे. नात वहीत मराठीत उतरवून घेत होती. जहाज केव्हाच सुटलं होतं. साडेअकराला आमचे नाईक संपले. आजी म्हणाल्या, "आता शिपाई वाच."