केरीच्या पावसात वाळवंटाच्या गप्पा

कळंगुटबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गर्दी, भसाडी गाणी आणि गार झालेल्या माशासाठी मोजलेले पैसे. तिथून उठलो ते थेट गोव्याच्याच सत्तरी तालुक्यात, चोर्ला घाटाच्या पायथ्याला केरीजवळ एका कुळागरातल्या, म्हणजे माड-पोफळीच्या बागेतल्या घरी. पाऊस असा, की शेजारचं बोलणं ऐकू येईना. वीज गेलेली. पण न मागता उकड्या तांदळाची पेज पुढे येते, वर लोणच्याची फोड. आदरातिथ्य मला असंच आवडतं, हसरं स्वागतगीत नको.

यजमान काका उमेदीची वर्षं ओमानमध्ये, वाळवंटातल्या तेलाच्या कॅम्पवर गाडी चालवत होते. पडवीवर घरची मांजर अंग झाडत आली, तसे ते म्हणाले, "हिची एक जात तिकडे बघितलीय. आणि तिचं खाणंही."

खाणं म्हणजे जर्बोआ. 50-60 ग्रॅमचा उंदीर, मागचे पाय पुढच्यांच्या निदान चौपट लांब, शेपटीच्या टोकाला झुबका. "हेडलाइटमध्ये आला की सरळ पळायचाच नाही. टुण्णकन इकडे, मग भलतीकडेच!" वाळूमांजर मात्र त्यांना एकदाच दिसली. उजेड पडताच ती जमिनीला चिकटली आणि डोळे मिटून बसली. रंग वाळूचा, त्यात डोळे चमकले नाहीत, तर समोर मांजर आहे हे कळणार कसं?

मला गंमत वेगळीच वाटली. शिकार आणि शिकारी, दोघांची सामग्री सारखीच! दोघांच्या तळपायांना केस, वाळूवर चालायला. दोघांच्या कवटीत कानाजवळचे हाडाचे फुगवटे अंगाच्या मानाने भलतेच मोठे, त्यामुळे खालच्या पट्टीतला बारीक आवाजही टिपता येतो. एकाला जीव वाचवायला, दुसरीला घ्यायला. उन्हात दोघंही बिळात. जर्बोआ तर उन्हाळ्यात बिळाचं तोंड मातीने बुजवतो, आतली ओल टिकावी म्हणून. आणि पाणी न पिताही दोघांचं भागतं: जर्बोआला ते बिया-पाल्यातून मिळतं, मांजरीला जर्बोआतून. बाहेर पागोळ्या धो धो गळत असताना हे ऐकणं म्हणजे जरा चेष्टाच.

वाळूमांजर 1858 साली अल्जेरियाच्या सहारातून शास्त्राच्या नोंदीत आली. भारतात ती नाही. आपल्या थरमध्ये जर्बिल नावाचे उंदीर आणि त्यांच्यावर ताव मारणारी वाळवंटी रानमांजर आहे, पण ती जात निराळी. हे मी काकांना सांगितलं, तर ते म्हणाले, "तुम्ही वाचून सांगताय, मी ब्रेक मारून बघितलंय." यावर काय बोलणार?

काकू एवढा वेळ आतूनच ऐकत होत्या. "पाणीच पीत नाही असा उंदीर? मग आणा की दोन इथे. निदान आमची शहाळी तरी पोखरणार नाहीत."