बाबांना ऐकलेलं सगळं आठवत होतं

विसरभोळेपणाची चाचणी बरीचशी तोंडी असते. ती घ्यायच्या आधी कान तपासलेत का, हे बाबांच्या वेळी कुणीच विचारलं नाही.

बाबा लालबागच्या मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर कापड विणणारे होते. १९८२ च्या संपापर्यंतची त्यांची सगळी उमेदीची वर्षं साचेखात्याच्या खडखडाटात गेली. तिथे माणसं एकमेकांचे ओठ नि हातवारे बघूनच बोलायची.

यंदा त्यांची 'मोका' ही विसरभोळेपणाची चाचणी झाली, ३० गुणांची. डॉक्टर प्रेमळ होते, पण तोंडावर मास्क, डोक्यावर घरघरणारा पंखा आणि खिडकीखाली बेस्टचा बसस्टॉप. या चाचणीत पाच शब्द वाचून दाखवतात, लगेच म्हणून घेतात आणि पाचेक मिनिटांनी पुन्हा विचारतात. डॉक्टर म्हणाले 'टोपी', बाबा म्हणाले 'कोबी'. 'साखर'ची 'भाकर' झाली. मधल्या वेळात त्यांनी घड्याळ काढलं, काटे अगदी जागच्या जागी. चित्रातले प्राणीही पटापट ओळखले. मग पुन्हा शब्द विचारले, तर बाबा ठामपणे म्हणाले, "कोबी, भाकर."

दोन्हींना शून्य. मला राहवलं नाही. "डॉक्टर, जे ऐकलं ते त्यांच्या नीट लक्षात आहे हो!"

सततच्या मोठ्या आवाजाने कान आधी ४००० हर्ट्झच्या, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांच्या आसपास अधू होतात. स्वर खालच्या पट्टीतले आणि दणकट, ते पोचतात. ट, स, ख यांची धार वरच्या पट्टीत असते, तीच बोथट होते. मग उरलेल्या स्वरांवरून शब्द जुळवायचा. त्या खटपटीतच एवढी शक्ती जाते की शब्द लक्षात ठेवायला कमी उरते.

वांद्रे रेक्लमेशनच्या अली यावर जंग संस्थेत ऑडिओग्राम, म्हणजे कुठल्या पट्टीतलं किती ऐकू येतं याचा आलेख काढला. दोन्ही कानांची रेघ ४००० पाशी खड्डा पडल्यासारखी खाली गेलेली.

कानाला यंत्र बसल्यावर पुन्हा चाचणी घेतली. शांत खोली, मास्क नाही, शब्द दुसरे. (ऐकू कमी येणाऱ्यांसाठी 'मोका'चीच वाचून सोडवायची आवृत्तीही निघाली आहे.) गुण चांगलेच वाढले. तरी दोन शब्द निसटले. तेही मी कानांच्याच माथी मारणार नाही, कारण श्रवणदोषाने स्मृतिभ्रंशाचाही धोका वाढतो आणि तो टाळता येण्याजोगा आहे, असं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० आणि २०२४ च्या अहवालांत म्हटलंय. त्यामुळे यंत्र रोज लावायचं आणि वर्षभराने पुन्हा चाचणी, असं डॉक्टरांशी ठरलंय.