टॉलरन्स वाढवण्याआधी

सायंटिफिक लायब्ररीत एखादी टेस्ट लाल (फेल) झाली की हात आपोआप टॉलरन्सकडे, म्हणजे अपेक्षित उत्तरापासून चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेकडे, जातो. १०⁻⁷ होतं तिथे १०⁻⁵ लिहायचं, पुश करायचं, विषय संपला. टेस्ट हिरवी होते खरी, पण ती आता नेमकं काय तपासते हे कुणालाच सांगता येत नाही.

म्हणून आधी तुलना कशी होते ते पाहू. नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीतल्या ‘असर्ट_ऑलक्लोज’मध्ये आरटोल (सापेक्ष टॉलरन्स) १०⁻⁷ आणि एटोल (निरपेक्ष टॉलरन्स) ० असे डीफॉल्ट आहेत. साध्या ‘ऑलक्लोज’मध्ये तेच १०⁻⁵ आणि १०⁻⁸ आहेत. निकष दोन्हीकडे एकच: फरक हा एटोल अधिक आरटोल गुणिले अपेक्षित उत्तराची निरपेक्ष किंमत, यापेक्षा जास्त नको. अपेक्षित उत्तर शून्य असेल तर आरटोलचा भाग गळून पडतो. डबल प्रिसिजनमध्ये (६४ बिटांच्या आकड्यांत) पायचा (π) साइन शून्य येत नाही, १.२२ × १०⁻¹⁶ येतो. ‘असर्ट_ऑलक्लोज’ तिथे पडणारच. असल्या ठिकाणी आरटोल वाढवत बसणं फुकट आहे. एटोल द्या, आणि तो डेटाच्या स्केलवरून ठरवा. उलटी गडबड जास्त धोक्याची, कारण ती दिसत नाही: तुमची उत्तरं १०⁻¹² च्या आसपास असतील तर ‘ऑलक्लोज’च्या १०⁻⁸ एटोलखाली काहीही खपतं, पाचपट चूकसुद्धा.

स्वतः लिहिलेल्या तुलनेत नॅनचा (‘ही संख्याच नाही’ असं सांगणाऱ्या खास किमतीचा) सापळा असतो. ‘फरक टॉलरन्सपेक्षा मोठा असेल तर फेल’ अशी अट लिहिली की नॅन बिनधास्त पास होतो, कारण नॅनबरोबरची ‘पेक्षा मोठा’ ही तुलना नेहमी खोटी ठरते. अट ‘लहान किंवा समान असेल तरच पास’ अशीच लिहावी.

आता मुख्य मुद्दा. एका उत्तराची तुलना करण्यापेक्षा पद्धतीचा ऑर्डर, म्हणजे स्टेप लहान केली की चूक किती वेगाने घटते ते, तपासणं कितीतरी पटींनी कडक असतं. चौथ्या ऑर्डरचा रुंगे-कुट्टा घ्या, डिफरन्शियल समीकरण एकेक स्टेपने सोडवणारी पद्धत. समीकरण y′ = −y, y(0) = १, उत्तर t = १ ला. स्टेप ०.१ ठेवली तर एरर सुमारे ३.३ × १०⁻⁷ येते, ०.०५ ठेवली तर २ × १०⁻⁸. गुणोत्तर साधारण १६.७, म्हणजे अपेक्षित १६ च्या जवळ (स्टेप निम्मी, ऑर्डर चार, म्हणून २⁴). आता कोडमध्ये मुद्दाम एक चूक करा: प्रत्येक स्टेपमध्ये k₁ ते k₄ असे चार उतार काढतात, त्यातला k₃ काढताना k₂ ऐवजी k₁ वापरा. ०.१ स्टेपला सापेक्ष एरर सुमारे ८.८ × १०⁻⁴ होते. आरटोल १०⁻³ असेल तर ही चूक आरामात पास होते! गुणोत्तर मात्र १६ वरून थेट ४.१ वर येतं. चौथ्या ऑर्डरची पद्धत दुसऱ्या ऑर्डरची झाली, आणि हे लपवायला कुठलाही टॉलरन्स पुरत नाही. एवढंच सांभाळा की स्टेप फार बारीक केली तर राउंड-ऑफ (आकडे गोल करताना होणारी चूक) वरचढ होतो आणि गुणोत्तर बिघडतं.

आयगेनव्हेक्टरची (मॅट्रिक्स A ने गुणल्यावर फक्त λ पट होणाऱ्या व्हेक्टरची) थेट तुलना करू नका. व्हेक्टर v बरोबर असेल तर −v सुद्धा बरोबरच असतो, आणि बीएलएएस (मॅट्रिक्सचं गणित करणारी आतली लायब्ररी) बदललं की चिन्ह बदलू शकतं. Av आणि λv जुळतात का ते बघा. रँडम डेटाचंही तसंच: सीड (सुरुवातीचा ठरावीक आकडा) दिला तरी ‘डीफॉल्ट_आरएनजी’ या रँडम जनरेटरकडून येणारे आकडे नमपायच्या पुढच्या व्हर्जनमध्ये तेच राहतील अशी हमी नाही. त्यामुळे त्या आकड्यांवरून आलेलं उत्तर टेस्टमध्ये टाइप करून ठेवू नये.

एका मशीनवर पास आणि दुसऱ्यावर फेल, यामागे बहुतेकदा बेरजेचा क्रम असतो. फ्लोटिंग पॉइंटची बेरीज क्रम बदलला की शेवटच्या बिटांत बदलते. थ्रेडची (एकाच वेळी चालणाऱ्या कामांची) संख्या, प्रोसेसरच्या एव्हीएक्स-२ की एव्हीएक्स-५१२ सूचना, एफएमए (गुणाकार-बेरीज एकत्र करणारी सूचना) वापरला की नाही, सगळ्यांचा परिणाम होतो. असा फरक डबलमध्ये सहसा १०⁻¹⁶ च्या काही पटींत असतो. मॅट्रिक्स इल-कंडिशन्ड असेल, म्हणजे छोट्या चुका फार वाढवणारं असेल, तर तो कंडिशन नंबरच्या (त्या वाढीच्या मापाच्या) पटीत फुगू शकतो. टॉलरन्स ठरवायचा तो या हिशेबाने, अंदाजाने नव्हे.

बेंचमार्कसाठी, म्हणजे कोडचा वेग आणि मेमरी मोजण्यासाठी, एएसव्ही हे पायथनचं टूल चांगलं आहे. ‘टाइम_’ने सुरू होणारं फंक्शन वेळ मोजतं, ‘पीकमेम_’ने सुरू होणारं कमाल मेमरी. ‘कंटिन्युअस’ कमांडला दोन कमिट (कोडच्या दोन नोंदवलेल्या आवृत्त्या) दिले की ती दोन्ही मोजते आणि १.१ पटींपेक्षा जास्त फरक दाखवते. पण ‘सेटअप’ (डेटा तयार करणारं फंक्शन) प्रत्येक कॉलआधी चालत नाही, प्रत्येक सँपलआधी (वेळेच्या एका मोजणीआधी) चालतं, आणि एका सँपलमध्ये फंक्शन अनेकदा कॉल होऊ शकतं. जागच्या जागी सॉर्ट करणारं फंक्शन मोजत असाल तर दुसऱ्या कॉलपासून तुम्ही आधीच सॉर्ट झालेला अ‍ॅरे मोजताय. तिथे ‘नंबर’ (एका सँपलमधले कॉल) १ ठेवा. मोठा ‘झीरोज’ (सगळे शून्य असलेला) अ‍ॅरे बनवणंसुद्धा असंच फसवं: लिनक्सवर मेमरीची खरी पानं पहिल्या लिखाणाच्या वेळी मिळतात, त्यामुळे खर्च दुसऱ्याच ओळीच्या नावावर पडतो.

मोजताना थ्रेडची संख्या एकवर बांधा: ओएमपी, ओपनब्लास आणि एमकेएल या थ्रेड वापरणाऱ्या तिन्ही लायब्ररींचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल नमपाय इम्पोर्ट होण्याआधी सेट झालेले हवेत, नंतर केलेले सहसा लागू होत नाहीत. एक्सडिस्टने (पायटेस्टच्या प्लगइनने) टेस्ट पॅरलल चालवतानाही हे लागतं. आठ वर्कर आणि प्रत्येकी आठ थ्रेड म्हणजे आठ कोअरवर चौसष्ट थ्रेडची मारामारी. प्रोसेसरचा टर्बो (आपोआप वेग वाढवणं) बंद, गव्हर्नर (वेग ठरवणारी सेटिंग) परफॉर्मन्सवर, प्रोसेस एका कोअरवर पिन.

एवढं झाल्यावर एकच कमिट स्वतःशीच ताडून बघा. तिथेही ८ टक्के फरक दिसत असेल तर ५ टक्के सुधारणेचा दावा त्या मशीनवर करता येणार नाही. शेअर्ड सीआय रनरवर (अनेकांच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सामायिक मशीनवर) तर वेळेची मर्यादा घालून बिल्ड पाडूच नये. जुना आणि नवा कोड एकाच जॉबमध्ये आलटूनपालटून चालवून गुणोत्तर घ्या, किंवा वेळ सोडून कॉलग्राइंड या टूलने प्रोसेसरने चालवलेल्या इन्स्ट्रक्शन मोजा. त्यात कॅशचा आणि मेमरीचा खरा खर्च दिसत नाही, पण शेजारच्या जॉबमुळे आकडा हलतही नाही.