स्वभाव डोळ्यांत शोधू नका

मी पोर्ट्रेट करते म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "माणसाचा स्वभाव चित्रात उतरतो तो डोळ्यांतूनच ना?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

बुबुळ रागात काय, आनंदात काय, जवळजवळ तसंच दिसतं. बदलतात पापण्या, भुवया आणि सगळ्यात लबाड म्हणजे ओठांचे कोपरे. तिथली सावली केसभर वर सरकली की चेहरा हसरा, केसभर खाली आली की तोच रुसलेला. लिओनार्दोने मोनालिसाचे नेमके ओठांचे आणि डोळ्यांचे कोपरे धूसर छायेत विरू दिले. कड पक्की नाही, म्हणून भाव ठरत नाही. त्या हसण्यात गूढबिढ काही नाही, कसब आहे.

पण हा झाला भाव, तो येतो-जातो. स्वभाव मला मानेत, खांद्यांत, हातांत सापडतो. समोर बसलेला माणूस आधी पोज देतो. मग कंटाळतो, खांदे उतरतात, हात नेहमीच्या जागी जातात. माझं खरं काम तिथून सुरू होतं.

डच चित्रकार रेम्ब्रांटने १६५४ मध्ये केलेलं, ॲम्स्टरडॅमच्या यान सिक्स नावाच्या गृहस्थाचं चित्र बघा. लाल झगा एका खांद्यावर टाकलाय, हातमोज्याशी चाळा चाललाय, मान किंचित कललेली. गृहस्थ निघालेत की आत्ताच आलेत, कळत नाही. चेहरा निगुतीने रंगवलाय, हात मात्र मोजक्या रुंद फटकाऱ्यांत उरकलेत. झग्यावरची सोनेरी पट्टी म्हणजे एकेक फटकारा, मारला आणि सोडला. हात हलताहेत असं वाटतं ते त्यामुळेच, आणि त्यांच्या वर तो शांत, जरा हरवलेला चेहरा. हात घाईत, मन भलतीकडे!

स्पॅनिश चित्रकार व्हेलास्केझने रंगवलेले पोप इनोसंट दहावे (१६५०) याच्या अगदी उलट. भुवया आक्रसलेल्या, ओठ घट्ट, नजर रोखलेली. चित्र पाहून "फारच खरं!" असं स्वतः पोप म्हणाले, अशी आख्यायिका आहे.

मग ही माणसं खरंच तशी होती का? ते चित्रावरून कळत नाही. कळतं ते एवढंच, की त्या चित्रकारापुढे ती कशी वागली. सिक्स आणि रेम्ब्रांटची चांगली ओळख होती, म्हणून तो इतका बेसावध उभा राहिला असावा. पोपमहाराज मात्र व्हेलास्केझलाच जोखत बसलेत.