एका विटकरी कॉर्डरॉयची मंजुरी

"स्टँडर्डच्या जवळ नाही. पुन्हा सादर करा."

आम्ही रंगवलेल्या कापडाचा नमुना मंजुरीला पाठवला की ब्रँडच्या कलर टीमकडून दर वेळी एवढंच उत्तर यायचं. स्टँडर्ड म्हणजे ज्याच्याशी रंग जुळवायचा तो तुकडा. जवळ नाही म्हणजे कुठल्या बाजूला लांब आहे, लाल जास्त झालाय की पिवळा कमी पडलाय, शेड गडद आहे की मळकी, काहीही लिहिलेलं नसायचं. फॉर्मवर 'शेरा' नावाचा भलामोठा रकाना आहे. त्यात ही दोन वाक्यं आणि खाली सही. कलेक्शन दुकानांत जाऊनही बरेच दिवस झाले, पण तो फॉर्म आठवला की अजून डोकं तापतं. म्हणून लिहून काढतेय. या क्षेत्रात नव्याने आलेल्यांना उपयोग होईल, आणि माझा राग तरी उतरेल.

मी कपडे तयार करणाऱ्या कंपनीत प्रॉडक्ट डेव्हलपमेंटचं काम करते. म्हणजे ब्रँडचा डिझायनर स्वप्न बघतो आणि ते शिवता येईल असं करून देणं आमच्याकडे असतं. या वेळचं स्वप्न होतं 1970 च्या दशकाचं: रुंद लॅपेलचं कॉर्डरॉय जॅकेट, गुडघ्याखाली पसरत जाणारी पँट, आणि सगळ्यावर राज्य करणारा एक विटकरी रंग.

जुनी फॅशन वीस वर्षांनी परत येते असं आमच्या धंद्यात सगळे म्हणतात. 2000 च्या आसपासच्या कमरेखाली उतरणाऱ्या जीन्स त्या हिशोबाने वेळेवर परतल्या. पण सत्तरचं दशक कुठल्याच हिशोबात बसत नाही, ते दर थोड्या वर्षांनी दारात उभंच असतं. जेम्स लेव्हर या पोशाखांच्या इतिहासकाराने 1937 मध्ये एक गमतीदार पट्टी मांडली होती. फॅशन दहा वर्षांनी भयाण वाटते, वीस वर्षांनी हास्यास्पद, पन्नास वर्षांनी जुन्या वळणाची पण लोभस, आणि दीडशे वर्षांनी सुंदर. त्या पट्टीवर सत्तरचं दशक सध्या बरोबर लोभस घरात बसलंय. माझ्या मते लेव्हरने रंगांसाठी वेगळी पट्टी करायला हवी होती, कारण कपड्याचा घाट माणसाला बऱ्यापैकी नीट आठवतो, रंग मात्र अजिबात नाही.

पॅटर्न, फिटिंग, बटणं, अस्तर हे सगळं विनाकटकट पार पडलं. नमुना म्हणून ब्रँडने जुन्या कपड्यांच्या बाजारातून घेतलेलं, त्या काळात शिवलेलं खरं जॅकेट पाठवलं होतं. असं जॅकेट हातात आलं तर त्याच्या लेबलवरच्या साइझवर जाऊ नका, टेप घेऊन मापं काढा, कारण साइझचे आकडे तेच राहिले आणि त्यामागची मापं दशकागणिक सैलावत गेली. बाहीचा मुंढाही नीट बघा. जुन्या जॅकेटांचा मुंढा वर, काखेच्या जवळ असतो. त्यामुळे जॅकेट अंगाला घट्ट असूनही हात मोकळा वर जातो. आमच्या पॅटर्न मास्टरांनी तो जसाच्या तसा ठेवला आणि पहिलंच फिट सॅम्पल पास झालं.

मग रंग.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कापड रंगवायच्या आधी डाइंग मिलची लॅब छोटे तुकडे रंगवून देते. त्याला लॅब डिप म्हणतात. सहसा ए, बी, सी असे दोन-तीन पर्याय एका कार्डावर चिकटवून जातात. ब्रँडची कलर टीम ते करड्या भिंतींच्या लाइट बॉक्समध्ये ठेवून स्टँडर्डशी ताडून बघते, आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर या रंग मोजणाऱ्या यंत्रावरही मोजते. यंत्र जो फरक सांगतं तो डेल्टा ई. बऱ्याच ब्रँडना तो 1 च्या आत लागतो. डेल्टा ई बसला, डोळ्यांना पटला, की सही. सही झाल्याशिवाय मिल एक मीटरही रंगवत नाही, कापड नाही तर कटिंग नाही, आणि डिलिव्हरीची तारीख तर आधीच ठरलेली. सगळा कारखाना त्या हातभर कार्डाकडे डोळे लावून बसतो.

आमचं कार्ड जायचं आणि परत यायचं. डाइंग मास्टर जुने मुरलेले, पिवळा, लाल आणि चिमूटभर निळा यांचं प्रमाण केसाएवढं हलवायचे. यंत्रावर आकडा बसायचा. कुरियर जायचं. "जवळ नाही." त्यांनी दुसरी रेसिपी काढली, ती कलर टीमला चालली असती, तर ब्रँडच्या डिझाइन हेडने हाणून पाडली: "हा मळका दिसतोय, आपला विटकरी असा नाही." मग तिला हवा तसा झळाळता केला, तर पुन्हा कलर टीम: "स्टँडर्डच्या जवळ नाही." दोन्ही बाजू ठाम, आणि मधे आम्ही. कलर टीमला फोन करायची सोय नाही, पोर्टलवर फॉर्म भरायचा. फॉर्ममध्ये प्रश्न विचारायला जागाच नाही, फक्त 'पुन्हा सादर' असं एक बटण.

शेवटी मी ते जुनं जॅकेट टेबलावर घेतलं आणि बारकाईने उलटंपालटं केलं. खिशाचा फ्लॅप उचलला. त्याच्याखाली जॅकेटचा रंग वेगळाच होता. कॉलर उलटली, तळाचा दुमड उसवला, शिवणीत दाबलेलं कापड बाहेर काढलं. आतला विटकरी खणखणीत, लालसर, खोल. बाहेर उन्हाने आणि धुण्याने उडालेला, पिवळट झाक आलेला. आणि नुसता फिका नाही, तर दुसराच रंग. विटकरी तीन रंगांच्या मिश्रणातून येतो आणि ते तिन्ही सारख्या वेगाने उडत नाहीत, त्यामुळे जुनं कापड फक्त पांढुरकं होत नाही, तर एका बाजूला कलतं. कलर टीमने स्टँडर्ड कापून घेतलं होतं पाठीवरून, म्हणजे सगळ्यात उडालेल्या जागेवरून.

डिझाइन हेडच्या डोक्यात आणखी तिसराच रंग होता. तिच्या मूड बोर्डवर, म्हणजे कल्पना मांडायच्या चित्रांच्या फलकावर, त्या काळातल्या रंगीत फोटोंचे स्कॅन होते. त्या वेळच्या छापील फोटोंमध्ये तीन रंगद्रव्यं असायची, आणि अल्बमच्या अंधारात त्यातलं निळसर द्रव्य सर्वात आधी उडायचं. उरलेला फोटो तांबूस दिसतो. सत्तरचं दशक म्हटलं की डोळ्यांपुढे येणारी ती केशरी-तपकिरी ऊब बरीचशी या बिघाडाची आहे. थोडक्यात, डिझाइनला फोटोतला रंग हवा होता, कलर टीमला पाठीवरचा, आणि जॅकेट ज्या रंगात विकलं गेलं असेल तो फ्लॅपखाली झाकून बसला होता. एकाच नावाचे तीन रंग, आणि फॉर्मवर स्टँडर्डसाठी रकाना एक.

हे सगळं मी फोटोंसकट लिहून पाठवलं. उत्तर आलं: "कृपया विहित नमुन्यातच सादर करा."

मग माझं टाळकं सरकलं आणि मी एक चावटपणा केला. त्याचा मला आजही अभिमान आहे.

कॉर्डरॉयला लव असते. विणताना उभ्या सऱ्यांमध्ये धाग्यांचे फासे सोडतात, ते कापले की मखमलीसारखी लव उभी राहते आणि एका दिशेला झुकते. लवेचं तोंड वर करून कापड धरलं तर नजर लवेच्या आत शिरते आणि रंग गडद, भरीव दिसतो. तोंड खाली केलं तर लवेच्या पाठीवरून उजेड परततो आणि तोच रंग फिका, किंचित चमकदार दिसतो. हे टेलरिंग करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. पण मंजुरीच्या फॉर्मवर लवेची दिशा लिहायला जागा नव्हती, आणि स्टँडर्डच्या तुकड्यावर बाणही नव्हता. मी एकाच लॅब डिपचे दोन तुकडे केले, एकाची लव वर, एकाची खाली, ए आणि बी म्हणून कार्डावर चिकटवले आणि विहित नमुन्यात, सगळे रकाने भरून सादर केले.

उत्तर: "ए नामंजूर, गडद. बी थोडा जवळ. बी वर काम करून पुन्हा सादर करा."

ते कार्ड आणि तो शेरा मी माझ्या साहेबांपुढे ठेवला, साहेबांनी ब्रँडच्या सोर्सिंग हेडपुढे. त्यानंतर प्रथमच कलर टीममधला माणूस फोनवर बोलला. तसा सभ्य होता, आवाजावरून दमलेला. त्याच्याकडे दिवसाला ढिगाने कार्डं येतात, लिहायला वेळ नसतो, वगैरे. असेल. पण त्या न लिहिलेल्या चार शब्दांपायी एक मिल, एक कारखाना आणि एक कुरियरवाला नाचत होता.

बैठक ठरली. मी एकच अट घातली: स्क्रीनवर नको. रंगाची चर्चा व्हिडिओ कॉलवर करणं म्हणजे फोनवरून मीठ चाखणं. डिझाइन हेड, कलर टीम, डाइंग मास्टर आणि मी, सगळे एकाच लाइट बॉक्ससमोर उभे राहिलो. डिझाइन हेडने भडक हिरवा स्वेटर घातला होता. तिला आधी करडा ॲप्रन दिला, कारण कपड्यांचा रंग बॉक्समध्ये परावर्तित होतो आणि नमुन्यावर पडतो. डी65 म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या दिव्याखाली तीन तुकडे शेजारी ठेवले: पाठीवरचा, फ्लॅपखालचा आणि आमचा, तिघांचीही लव वर. अर्ध्या तासाच्या आत निर्णय झाला. फ्लॅपखालचा रंग, लव वर, आणि जुन्या जॅकेटचा तुकडा बाद करून आमचा लॅब डिपच यापुढे स्टँडर्ड. सही, तारीख, बाण.

डिझाइन हेड म्हणाली, "हाच तर मी म्हणत होते." मी गप्प बसले.

टीएल84 च्या दिव्याखाली आमचा तुकडा जरा लाल झुकत होता. एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्यात फुटतात, रेसिपी वेगळी असली की हे होतंच. टीएल84 हा दुकानांतल्या जुन्या फ्लुरोसंट नळ्यांचा प्रकाश. युरोपियन महासंघात तशा नळ्या 2023 पासून बाजारात आणायला बंदी झाली, दुकानं एलईडीवर गेली, तरी फॉर्मवर टीएल84 आहेच. तुमच्याकडेही तसं असेल तर कपडा ज्या दुकानात विकला जाणार तिथला खरा दिवा कोणता ते विचारा आणि त्याखालीही बघायचा आग्रह धरा. आम्ही धरला, एलईडीखाली रंग छान बसला.

आठवतील तशा सूचना लिहिते. जुन्या कपड्यावरून रंग घ्यायचा असेल तर पहिल्याच दिवशी, पहिल्याच मेलमध्ये विचारा: आतला रंग की बाहेरचा? उत्तर लेखी घ्या. मूड बोर्ड हे स्टँडर्ड नव्हे, हेही त्याच मेलमध्ये लिहून टाका. इस्त्रीखालून किंवा ड्रायरमधून आलेला गरम तुकडा लगेच ताडायला घेऊ नका, थंड होईपर्यंत शेड फसवते. लव असलेलं कापड स्पेक्ट्रोफोटोमीटरवर एकदा मोजून भागत नाही, तुकडा फिरवत चार वेळा मोजा आणि सरासरी घ्या, नाहीतर आकडा हवा तसा येतो.

मंजूर तुकड्याचे तिथल्या तिथे भाग करून घ्या: एक मिलला, एक कारखान्याला, एक तपासणीवाल्यांना, एक स्वतःच्या ड्रॉवरमध्ये. उजेडात टांगून ठेवू नका. नंतर लॉट, म्हणजे एकेका वेळी रंगवलेलं कापड, निघाले की प्रत्येक लॉट थोडा इकडेतिकडे होणारच, त्यासाठी गडद आणि फिकी हद्द दाखवणारा शेड बँड त्याच वेळी मंजूर करून घ्या, नाहीतर प्रत्येक लॉटला नवा तमाशा.

आणि हे कॉस्टिंगवाल्यांना वेळेत सांगा: लव एकाच दिशेने ठेवायची म्हणजे कटिंगमध्ये पॅटर्नचे तुकडे उलटसुलट लावता येत नाहीत, कापड जास्त लागतं. लव वर ठरवून आम्ही खूश होतो, ॲव्हरेज, म्हणजे एका कपड्याला लागणारं कापड, वाढल्याचं कळल्यावर कॉस्टिंगचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पण एक बाही गडद आणि एक फिकी असं जॅकेट गेलं असतं तर परत आलंच असतं.

रंग ताडणाऱ्यांची नजर तपासायची एक चाचणी असते, फार्न्सवर्थ-मन्सेल 100 ह्यू टेस्ट. नाव शंभरचं, लावायच्या चकत्या 85. मी दिली आहे, डाइंग मास्टरांनीही दिली आहे, दोघांचे निकाल चांगले आहेत. समोरच्याने दिली आहे का हे विचारायला संकोच करू नका. मी त्या बैठकीत विचारलं, जरा गोड आवाजात. दिली होती म्हणे. मग लव कशी दिसली नाही, हे विचारायचं ओठांवर आलं होतं, पण सही अजून व्हायची होती.

आता पुढच्या सीझनसाठी त्याच ब्रँडला 2000 च्या सुमारासच्या, मांड्यांवर पांढुरक्या उडालेल्या जीन्स हव्या आहेत. नमुना म्हणून पुन्हा एक खरी जुनी जीन्स आली आहे. तिच्यात कारखान्यातल्या वॉशने किती उडालं आणि घालणाऱ्याने इतकी वर्षं घालून किती उडवलं, हे कुणीच सांगत नाही. डेनिममध्ये तर फिकेपणाच विकायचा असतो, त्यामुळे या वेळी आतलं कापड बघूनही भागणार नाही. मी पहिल्याच दिवशी पोर्टलवर लिहिलं: मंजुरी धुण्याआधीच्या कापडावर की वॉश झालेल्या पायावर, आणि पायाच्या कुठल्या जागेवर? फॉर्मवर लवेच्या दिशेचा रकाना आता आला आहे. माझ्या प्रश्नाचं उत्तर अजून आलेलं नाही.