ब्राउझरमध्ये कर्सर दिसेनासा होतो तेव्हा

गेल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपवर एक विचित्र प्रकार सुरू झाला. डेस्कटॉपवर माउसचा बाण, म्हणजे कर्सर, व्यवस्थित दिसे, पण ब्राउझरच्या खिडकीत शिरताच तो नाहीसा होई. दुरुस्ती करणाऱ्या मुलाला पुरावा म्हणून स्क्रीनशॉट पाठवायचे ठरवले, तेव्हा लक्षात आले की स्क्रीनशॉटमध्ये कर्सर एरवीही बहुधा येत नाही; शेवटी मोबाइलने पडद्याचा फोटो काढावा लागला.

माउसची बॅटरी बदलण्यात मी अर्धा तास वाया घालवला. खरे तर दुव्यांवरून माउस फिरवला की ते अधोरेखित होत होते आणि क्लिकही लागत होते, म्हणजे माउस शाबूत होता आणि फक्त बाणाचे चित्र उमटत नव्हते. एवढे आधी पाहिले असते तर बॅटरीचा खटाटोप वाचला असता.

मग दोष पानाचा, ब्राउझरचा की संगणकाचा, हे ठरवायचे होते. एखादे पान सीएसएसमधील (पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील) 'कर्सर: नन' या एका ओळीने बाण लपवू शकते, आणि ब्राउझरमधील काही खेळ तर माउस स्वतःकडे जखडून ठेवतात, अशा वेळी एस्केप दाबले की सुटका होते. माझ्याकडे मात्र प्रत्येक पानावर तेच घडत होते. इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीत एक्स्टेन्शन्स (ब्राउझरला जोडलेल्या जादा सोयी) सहसा बंद असतात, म्हणून तिथे पाहिले. तिथेही बाण नव्हताच, तेव्हा रंगीबेरंगी कर्सर देणारे माझे हौशी एक्स्टेन्शन निर्दोष ठरले. विंडोजच्या माउस सेटिंगमध्ये 'हाइड पॉइंटर व्हाइल टायपिंग' हा पर्याय असतो आणि त्यामुळे टंकताना बाण लपतो, पण माउस जरा हलवला की तो परत यायला हवा. माझा येत नव्हता. त्याच ठिकाणी कंट्रोल दाबल्यावर बाणाभोवती वर्तुळे उमटवणारी सोयही आहे. ती सुरू करताच वर्तुळे नेमकी रिकाम्या जागेभोवती उमटू लागली, आणि बाण आहे तिथेच असून रंगवला जात नाही, याची खात्री पटली.

आता संशय ग्राफिक्सवर होता. आजचे ब्राउझर पानाचे चित्र रंगवण्याचे बरेचसे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवतात, आणि त्या प्रोसेसरला चालवणारे सॉफ्टवेअर, म्हणजे ड्रायव्हर, जुना किंवा बिघडलेला असेल तर त्या कामात असे घोटाळे होतात. क्रोम आणि एज यांच्या सेटिंगमधील 'सिस्टिम' या भागात ग्राफिक्स किंवा हार्डवेअर ॲक्सिलरेशनचे, म्हणजे हे काम ग्राफिक्स प्रोसेसरकडे सोपवण्याचे, बटण असते. फायरफॉक्समध्ये ते 'जनरल'मधील 'परफॉर्मन्स'खाली, शिफारस केलेली सेटिंग्ज काढल्यावरच दिसते. माझ्या ब्राउझरमधले ते बटण बंद केले, ब्राउझर पुन्हा सुरू केला आणि बाण हजर झाला.

पुष्कळ जण इथेच थांबण्याचा सल्ला देतात, तो मला पटत नाही. ॲक्सिलरेशन बंद असताना व्हिडिओचा सगळा भार मुख्य प्रोसेसरवर पडतो. माझ्या जुन्या लॅपटॉपचा पंखा तर दहा मिनिटांत घोंघावू लागला. म्हणून लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ग्राफिक्सचा नवा ड्रायव्हर उतरवून बसवला, संगणक पुन्हा सुरू केला आणि ते बटण परत चालू केले. त्याला तीन आठवडे झाले; बाण अजून जागेवर आहे. फक्त करड्या रंगाच्या चौकटींत माउस मजकुरावर नेल्यावर बाणाऐवजी दिसणारी उभी बारीक रेघ अधूनमधून हरवल्यासारखी वाटते, पण तो बिघाड नाही: ती रेघ पार्श्वभूमीचा उलटा रंग घेते आणि मध्यम करड्याचा उलटा रंग जवळपास करडाच असतो.