तुम्ही विचारलंत म्हणून: त्या तुरट बारोलोत एवढं काय आहे?

सुट्टीत निफाडला आलो की हा प्रश्न ठरलेला. द्राक्षबागायतदाराचा मुलगा, शिकायला इटलीत तोरिनोला गेला, तिथेच नोकरीला लागला आणि पैसे साठवून घेतो काय, तर मास्कारेल्लो घराण्याची तुरट बारोलो, म्हणजे तिथली लाल वाइन! मी 'आवडते' म्हणून विषय बदलतो. आज नीट सांगतो.

मुळात मी त्या घराच्या बाजूचा नव्हतोच. ही वाइन जिथली, त्या बारोलो गावाच्या टेकड्यांवर वाइनवाल्यांचे तेव्हा दोन तट पडलेले. नव्या लोकांनी २२५ लिटरची छोटी ओकची पिंपं आणली. त्यांतली वाइन गडद, मऊ, व्हॅनिलाच्या वासाची. बार्तोलो मास्कारेल्लो जुन्या मोठ्या पिंपांवर अडून बसले. कान्नुबी, सान लोरेंझो, रुए आणि ला मोर्राची रोक्के, या चार बागांची नेब्बिओलो द्राक्षं एकत्र करून एकच बारोलो. बाकीचे एकेका बागेच्या नावाने बाटल्या विकत असताना! लेबलावर त्यांनी हाताने लिहिलं, 'नो बॅरिक, नो बेर्लुस्कोनी'. बॅरिक म्हणजे तीच छोटी पिंपं, आणि बेर्लुस्कोनी हे इटलीतले राजकारणी. २००५ साली ते गेले, मुलगी मारिया तेरेझाने तीच रीत चालू ठेवली. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा. माझा हिरो नव्या तटातला एलिओ आल्तारे. १९८३ मध्ये त्याने बापाची मोठी पिंपं चेनसॉने कापली होती.

मग दादा, म्हणजे माझे वडील, आले. हंगाम आटोपून, मे महिन्यात, आयुष्यातल्या पहिल्या विमानाने. मी मास्कारेल्लोंच्या दोन बाटल्या आणून ठेवल्या होत्या. नियमाने किमान अडतीस महिने मुरवून नुकत्याच विक्रीला आलेल्या. बूच काढलं आणि लगेच ओतली. रंग इतका फिका की दादांनी ग्लास दिव्याकडे धरून पाहिला. एक घोट घेतला आणि कच्चं जांभूळ चावल्यासारखं तोंड झालं. 'जीभ धरते रे.' मला तर आनंदच झाला. म्हटलं, बघा, जुनं धरून बसलं की असं होतं. आणि चेनसॉची गोष्ट रंगवून सांगितली.

दादांनी ग्लास खाली ठेवला. 'मग बापाचं काय झालं?'

आल्तारेच्या बापाने मुलाला वारसातून काढलं होतं. तेवढं मी गाळलं होतं. दादा आले त्याच वर्षी मी फोनवरून त्यांच्या मागे लागलो होतो, जुनी थॉमसन द्राक्षं काढा, नवीन वाण लावा. ते काही बोलले नव्हते. त्या रात्रीही बोलले नाहीत. उठून ग्लास विसळून ठेवला.

दोन दिवसांनी त्यांना विमानतळावर सोडून आलो. बाटलीत चार बोटं उरली होती. टाकून द्यायची म्हणून बूच काढलं, तर सुकलेल्या गुलाबाचा वास. तुरटपणा होता, पण आता त्याच्या मागे काहीतरी उभं होतं. उभ्याउभ्या संपवली. रात्री दादांचा फोन आला, 'ती बाटली?' मी म्हटलं, 'ओतून टाकली.' का खोटं बोललो, मला अजून सांगता येत नाही.

म्हणून तुम्ही म्हणता, जुनंच बरोबर ना? तेही मी म्हणणार नाही. आल्तारेची वाइन मला आजही आवडते. थॉमसन काढायला हवी होती, असंही वाटतं. मास्कारेल्लोंची पहिल्या घोटाला आवडत नाही, आणि तरी घेतो.

दुसरी बाटली पलंगाखाली आडवी आहे. दादा आता विमानात बसत नाहीत. निफाडच्या थंडीत ती घेऊन जायचं दरवर्षी ठरवतो.